इंजिन बदललं, आता गाडी ठेवायची की काढायची?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका गृहस्थांनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: 2013 ची डिझेल डिझायर, वडिलांनी घेतलेली, 1,52,000 किलोमीटर चाललेली. रोज साखळी ते पणजी जा-ये. मे महिन्यात बेळगावला जाताना चोर्ला घाटात इंजिन गरम झाल्याचा लाल दिवा लागला, वळणावर थांबायला जागा नाही म्हणून थोडी पुढे ओढली आणि इंजिन बसलं. बंद गाडीचे एजंट 90,000 देत होता. ते न घेता त्यांनी 1,35,000 घालून इंजिन बदलून घेतलं. आता सहा महिने गाडी बिनतक्रार चालतेय आणि तोच एजंट 1,85,000 द्यायला तयार आहे. सासरे म्हणतात, इंजिन नवं आहे तोवर काढून टाका, भाव येईल. मित्र म्हणतो, एवढे घातलेस तर आता दहा वर्षं बघायला नको. कोणाचं ऐकू?

मला विचाराल तर दोघांचंही नको. दोघंही एकाच चुकीच्या जागी बोट ठेवतायत, आणि ती जागा म्हणजे इंजिन. गाडीतली सगळ्यात महाग वस्तू ती, म्हणून सगळा विचार तिच्याभोवती फिरतो. पण गोव्यात गाडी इंजिनाने मरत नाही. म्हापशात गॅरेज टाकून मला 26 वर्षं झाली. माझ्या डोळ्यांदेखत ज्या गाड्या भंगारात गेल्या, त्यांतल्या बहुतेकींचं इंजिन शेवटच्या दिवशीही एका चावीत लागत होतं. त्या गेल्या पत्र्यापायी. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर बॉनेटखाली कमी आणि गाडीच्या पोटाखाली जास्त आहे. तिथवर येतो. आधी पैशाचं बोलू, कारण माणूस अडकतो तो तिथे.

1,35,000 गेले. ते गाडीत ‘आहेत’ असं समजू नका. बंद गाडीचे 90,000 मिळत होते, चालत्या गाडीचे 1,85,000 मिळतायत; म्हणजे 1,35,000 घातल्यावर भाव वाढला 95,000 ने. उरलेले 40,000 मे महिन्यातच घाटात सांडले. आज विका, नाहीतर तीन वर्षांनी विका, ते परत येणार नाहीत. तेव्हा ‘एवढे घातलेत’ हे गाडी ठेवायचं कारण होऊ शकत नाही, आणि ‘नवं इंजिन आहे, भाव येईल’ हे विकायचं कारण होऊ शकत नाही. भाव जो यायचा तो आलेला आहे.

घेणारा इंजिनाचे वेगळे पैसे का देत नाही, हेही समजून घ्या. तो साल बघतो, किलोमीटर बघतो, कितवा मालक ते बघतो, आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, कधी संपतं ते बघतो. इंजिन चालू स्थितीत असणार हे तो गृहीतच धरतो. उलट ‘इंजिन बदललंय’ म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडते: का बदललं? पाण्यात गेली होती का? ठोकली होती का? तुमच्या दृष्टीने जी जमेची बाजू, ती त्याच्या दृष्टीने शंका. विम्याची ऑनलाइन पॉलिसी काढताना बघा, साल आणि मॉडेल विचारतात, इंजिन कधी बदललं हा प्रश्नच येत नाही. बाजाराचं तसंच आहे.

म्हणजे आजपासूनचा सवाल एवढाच उरतो: 1,85,000 ची ही माहितीतली गाडी पुढे चालवू, की ते पैसे घेऊन, त्यात भर घालून, माहिती नसलेली दुसरी आणू?

आता काही गोष्टी अशा, ज्या मला इथे बसून कळणार नाहीत. पहिली म्हणजे तुमचं इंजिन ‘बदललं’ म्हणजे नेमकं काय केलं? या एका शब्दाखाली गॅरेजात चार वेगवेगळी कामं खपतात. कंपनीकडून पूर्ण नवं इंजिन मागवलं, हे क्वचित होतं आणि ते 1,35,000 मध्ये होणार नाही. हाफ इंजिन घातलं, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन जोडून आलेला खालचा भाग नवा आणि वर तुमचंच हेड लेथवाल्याकडून सरळ करून बसवलं. किंवा तुमचंच इंजिन बांधलं, म्हणजे बोअर मारून नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं टाकली. किंवा कुर्ल्याहून, बेळगावहून, दिल्लीहून कुठल्यातरी मोडलेल्या गाडीचं इंजिन आणून चढवलं. चारही ठिकाणी बोलताना ‘इंजिन नवीन घातलं’ असंच म्हणतात. पण हाफ इंजिन नीट बसवलेलं असेल तर मी त्यावर पुढचे लाखभर किलोमीटर बिनधास्त धरतो. बांधलेलं इंजिन बांधणाऱ्याच्या हातावर आणि लेथवाल्याच्या मापावर अवलंबून. आणि आणलेलं जुनं इंजिन म्हणजे नशीब. ते 60,000 चाललंय की 2,60,000, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याच्यावर ‘चेकिंग वॉरंटी’ म्हणून जे देतात ते आठवड्याभराचं असतं, कुठे फार तर महिन्याचं.

बिल काढून बघा. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट किट, लेथकाम अशी ओळ-ओळ लिहिलेली असेल तर इंजिन बांधलंय. ‘इंजिन असेंब्ली, वापरलेलं’ किंवा नुसतंच ‘इंजिन – 1 नग’ आणि खाली मजुरी असेल, तर जाऊन स्पष्ट विचारा. बिलच नसेल तर त्याचाही अर्थ तुम्हाला कळेल.

बिलाबरोबर टॉर्च घ्या आणि ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर आरसीवरच्या नंबराशी ताडून पाहा. तुमचाच ब्लॉक बांधला असेल तर नंबर तोच राहतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो, आणि मग मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 लागू होतं. बदल झाल्यापासून 14 दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा असतो. तुम्हाला सहा महिने झाले. हे काम राहिलं असेल तर ठेवायची की विकायची हा विचार बाजूला ठेवा आणि आधी ते उरका. इंजिनाचं बिल लागेल, ते जुन्या गाडीतलं असेल तर त्या गाडीचे कागदही मागतील, आणि गाडी घेऊन तपासणीला जावं लागेल. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा. मोठा अपघात झाला, सर्व्हेअर आला आणि पॉलिसीवर एक नंबर नि ब्लॉकवर दुसरा निघाला, तर पुढचे काही महिने तुमचे खुलासे देण्यातच जातील. आणि आणलेल्या इंजिनाचा नंबर चोरीच्या गाडीचा निघाला तर गोष्ट खुलाशांवर थांबत नाही.

दुसरी गोष्ट, आधीचं इंजिन का गेलं? ‘गरम झालं’ हे कारण नव्हे, तो परिणाम. पाणी कुठून गेलं? रेडिएटर फुटला, होज पाइप तडकला, वॉटर पंप गळत होता, थर्मोस्टॅट अडकला, की पंखाच फिरत नव्हता? पाणी पूर्ण गेल्यावर तापमानाचा सेन्सर नुसत्या वाफेत लटकतो आणि खोटं सांगायला लागतो, त्यामुळे दिवा लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. ॲल्युमिनियमचं हेड तोवर वाकलेलं असतं.

इथे माझी एक चूक सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी डिचोलीच्या एका गिऱ्हाइकाचं इंजिन मी बांधलं. काम चोख होतं, आजही म्हणेन. रेडिएटर काढून बाहेरून पाण्याने धुतला, डोळ्यांना बरा दिसला, तोच परत बसवला, कारण गिऱ्हाइकाचं बजेट संपलं होतं आणि चवथ तोंडावर होती. चार महिन्यांनी तीच गाडी टेम्पोवर चढून परत माझ्या दारात. रेडिएटरच्या आतल्या नळ्या अर्ध्याअधिक चोंदलेल्या होत्या. सपाट रस्त्यावर कळलं नाही, घाटात कळलं. दुसऱ्यांदा हेड मी माझ्या पैशाने केलं. तेव्हापासून गरम होऊन गेलेलं इंजिन बांधायचं असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि सगळे होज पाइप नवे टाकायला गिऱ्हाईक तयार नसेल, तर मी कामच घेत नाही. तुमच्या बिलात हे चार आहेत का ते पाहा. नसतील तर आधी तेवढं करून घ्या. आणि डिझेल असल्यामुळे आणखी एक विचारा: टर्बोला ऑइल नेणारी नळी, आणि इंटरकूलर असेल तर तोही, साफ केला होता का? जुन्या इंजिनाचा धातूचा चुरा तिथे बसून राहतो आणि सवडीने नव्या इंजिनाच्या वाटेला लागतो.

सहा महिने चाललंय ही चांगली खूण आहे, पण रोजची साखळी-पणजी ही इंजिनाची परीक्षा नव्हे. परीक्षा घ्यायची तर एका रविवारी पाच माणसं बसवा, एसी चालू ठेवा आणि मोलेच्या बाजूने अनमोड घाट चढवा. त्याआधी सकाळी गार इंजिन चालू करताना कोणाला तरी मागे उभं करा. पहिल्या चावीला किंचित धूर निघून लगेच थांबला तर ठीक. निळसर धूर रेंगाळला तर ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा राहिला तर कूलंट आत जातंय. घाट चढून आल्यावर गाडी चालू ठेवूनच ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ येणारच. पण झाकण सैल करून नुसतं ठेवलं तर नाचू लागलं, किंवा भकाभका धूर आला, तर रिंगा नीट बसलेल्या नाहीत. झाकणाच्या आत दुधाळ चिकटा असेल तर पाणी आणि ऑइल एक झालंय. कूलंटच्या टाकीचं झाकण मात्र गाडी पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, हात भाजून घेतलेले किती लोक मी पाहिलेत. दुसऱ्या दिवशी पातळी पाहा, तीच पुरे. फारच शंका असेल तर चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. मी 10 टक्क्यांच्या आतला फरक चालवून घेतो.

हे सगळं पार पडलं असं धरू. आता पत्रा.

तुमच्याजवळच्या कुठल्याही गॅरेजात दहा मिनिटं रॅम्प मागून घ्या आणि गाडी खालून स्वतः पाहा. गेल्या महिन्यात मोरजीची एक गाडी आली होती, तुमच्याएवढीच जुनी. मालकाने इंजिन बांधलेलं, वरून रंग मारलेला, आत नवी सीट कव्हरं, दृष्ट लागावी अशी. “मेस्त, उरतली मू ही?” म्हणजे ‘मिस्त्री, टिकेल ना ही?’ असं त्याने विचारलं. रॅम्पवर चढवली. पुढच्या चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर सोडवलं तर आतून ओंजळभर तांबडी माती पडली, नोव्हेंबरातही ओली. त्यामागे दाराखालची जी उंबरठ्यासारखी लांब पेटी असते, जिला आम्ही रनिंग बोर्ड म्हणतो, तिच्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटत गेलो. पुढच्या दाराखाली ठण, ठण. मधल्या खांबापाशी ठण. मागच्या दाराखाली आल्यावर आवाज एकदम बदलला, ओल्या पुठ्ठ्यावर मारावं तसा थप. मूठ उलटी करून टोक टेकवलं, जोर न लावता, आणि ते आत गेलं. मालक काही बोलला नाही. मी दुसऱ्या बाजूला गेलो, तिथेही तेच.

असं का होतं? त्या पेटीला खालून बारीक भोकं ठेवलेली असतात, आत गेलेलं पाणी निथळून जावं म्हणून. आपल्याकडचा चिखल ती भोकं लिंपून टाकतो. वायपरखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं कुजतात, तिथलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत, पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. वरून कार्पेट कोरडं लागतं, खालचा फोम मात्र गणपतीपासून दिवाळीपर्यंत भिजलेला. गाडीत बसल्यावर कुबट वास येतो म्हणून लोक सुगंधी डबी आणून ठेवतात. तळ मात्र आतून खात राहतो. किनाऱ्याकडच्या गाड्यांना वर खारा वारा. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, साखळी समुद्रापासून आत आहे. पण पणजीत दिवसभर गाडी कुठे उभी असते? मिरामारच्या वाऱ्यात असेल तर फरक पडतो. आणि वाळवंटी नदीचं पाणी साखळीच्या बाजारात चढलं होतं त्या वर्षी गाडी कुठे होती, हे घरात विचारून घ्या.

पाहायच्या जागा: दोन्ही रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, पुढचा क्रॉस मेंबर (खालचा आडवा भाग), लोअर आर्म (पुढचं चाक धरणारा खालचा दांडा) जिथे बोल्टने धरलाय तो पत्रा, आणि डिकीतलं अस्तर उचलून मागच्या शॉकअपची वरची बैठक. दाराच्या कडेला किंवा मडगार्डला गंजाचे फोड असतील तर त्याची फार काळजी करू नका, ते टिंकरिंगवाला करतो. मी सांगितलेल्या जागा मात्र गाडीचा सांगाडा आहेत. तिथे स्क्रूड्रायव्हर आत गेला तर ती गाडी ठेवू नका. अपघातात तुम्हाला वाचवतो तो हाच पत्रा. आणि खालून जाड काळं डांबरी कोटिंग नव्याने मारलेलं दिसलं तर खूश होऊ नका. गंज न घासता वरून कोटिंग मारलं की ओल आत कोंडली जाते आणि काम दुप्पट वेगाने होतं. कोटिंगवरही मूठ आपटा. आवाज लपत नाही.

पत्रा ठणठणीत निघाला तर माझं उत्तर सरळ आहे: ठेवा. का, ते आकड्यांत मांडतो. आकडे माझ्या गॅरेजातल्या अंदाजाचे आहेत, तुमचे घालून पाहा.

तुमची आरसी 15 वर्षांची, म्हणजे 2028 पर्यंत. तोवर 3 वर्षं धरू. या काळात टायर, क्लच, सस्पेन्शनची बुशं, एसीची कूलिंग कॉइल (आपल्याकडे ती जातेच), बॅटरी असे मिळून 75,000 धरा. गाडीचा भाव 1,85,000 वरून 80,000 वर येईल, म्हणजे 1,05,000 ची घट. एकूण 1,80,000, महिन्याला 5,000.

दुसरी बाजू. ही विकून, 3,15,000 कर्ज काढून, 5,00,000 ची 2019 च्या आसपासची पेट्रोल गाडी घेतली. सेकंड हँड गाडी घरी आली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत ती आपल्याकडून 40,000 तरी काढतेच; नावावर करणं, एजंट वगैरे 15,000; पुढची दुरुस्ती 45,000; भावातली घट 1,80,000; आणि कर्ज 12 टक्क्यांनी मिळालं तर व्याज साधारण 62,000. बेरीज 3,42,000, म्हणजे महिन्याला साडेनऊ हजार. रोजच्या 70 किलोमीटरला डिझेलऐवजी पेट्रोल जाळायचं तर आजच्या दराने महिन्याला आणखी 2,000 च्या घरात फरक.

म्हणजे ठेवण्यात महिन्याला साडेसहा हजार वाचतात. कोणी चोखंदळ म्हणेल, मग पत्र्यावर 70,000 घालूनही ठेवणंच स्वस्त. कागदावर खरंय, मीही मांडून पाहिलंय. पण सांगाड्याचं पत्राकाम एकदा होऊन थांबत नाही. कापून नवा तुकडा जोडला की दोन पावसाळ्यांत त्याच्या शेजारचा पत्रा बोलायला लागतो. शिवाय 15 वर्षांनंतर नूतनीकरणाला गाडी तपासणीला न्यावी लागते. पास झाली तर पुढे 5 वर्षांची नोंदणी मिळते, पण कुजलेल्या तळाची गाडी तिथे उभी करायची हिंमत लागते. शुल्कही आता किरकोळ राहिलेलं नाही. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीचं 600 चं 5,000 झालं.

दुसरी गाडी घेताना आपल्याकडचा एक खास धोका आहे, तोही हिशेबात धरा. गोव्यात बाजारात येणाऱ्या स्वस्त, कमी वर्षांच्या गाड्यांत भाड्याने फिरलेल्या बऱ्याच असतात. काळी पाटी काढून पांढरी लावलेली निदान कागदावर कळते. पांढऱ्या पाटीवरच गुपचूप भाड्याने फिरवलेली कळत नाही. पर्यटकाने पहिल्या गिअरात हणजूणचे चढ चढवलेली, वाळूत रुतवलेली गाडी धुऊन-पुसून तुमच्यासमोर उभी राहते. तुमच्या डिझायरचा निदान इतिहास तरी तुम्हाला पाठ आहे.

आता विकायचं कधी? माझ्या मते तीन प्रसंगी. सांगाडा कुजलेला असेल तर. आधीचं इंजिन का गेलं हे काम करणाऱ्याला सांगताच येत नसेल आणि बसवलेलं इंजिन दुसऱ्या गाडीतलं जुनं असेल तर, कारण मग तुम्ही दर घाटात लाल दिव्याकडे बघत गाडी चालवणार. आणि तिसरं, रोजची पणजी बंद होणार असेल, बदली किंवा घरून काम, आणि महिन्याला तीन-चारशे किलोमीटरच होणार असतील तर डिझेल गाडी दारात उभी ठेवण्यात अर्थ नाही.

विकायची तर आताच विका, ‘अजून वर्षभर बघू’ करू नका. आरसीची दोन वर्षं उरली की घेणारा भाव पाडतो, एक वर्ष उरलं की फोनच उचलत नाही. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, नव्या स्वस्त झाल्या, त्याची झळ जुन्यांच्या भावाला लागलेली आहेच. तेव्हा एक तर आता, नाहीतर शेवटपर्यंत. मधे विकणारा दोन्हीकडून मार खातो: इंजिनाचे पैसे घातले, पण त्यावर चालवली नाही.

विकताना इंजिनाचं लपवू नका. गोवा केवढासा, घेणारा उद्या कोणाच्या तरी लग्नात शेजारी बसलेला भेटतो. बिलं, जुन्या इंजिनाचे फोटो, रेडिएटरचं बिल अशी फाइल पुढे ठेवा. शंका घेणारा निम्मा तिथेच विरघळतो. एजंटला सोडून थेट वापरणाऱ्याला विकलीत तर पाच-दहा हजार जास्तही येतील. मात्र नुसत्या स्टॅम्प पेपरवर किल्ली देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलल्याची खात्री करा. रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय, उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर नोटीस साखळीला येईल. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसून तुमचा असतो, तो पुढच्या गाडीला लावून घ्या.

राहिली वडिलांची गोष्ट. तुम्ही प्रश्नात ती ओझरती लिहिलीत, पण मला वाटतं अर्धी अडचण तिथेच आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या गॅरेजच्या मागे माझ्या वडिलांची 1994 ची व्हॅन उभी आहे, चालत नाही, काढवतही नाही. फक्त तिला मी गाडी म्हणून धरत नाही आणि तिच्यात मुलांना बसवत नाही. तुमची रोज रस्त्यावर जाते, म्हणून तिला गाडी म्हणूनच तपासा.

तेव्हा या शनिवारी आधी आरसी आणि ब्लॉकचा नंबर, मग रॅम्प. डाव्या मागच्या दाराखालून सुरुवात करा, आपल्या रस्त्यांच्या कडेचा चिखल सगळ्यात जास्त तिथेच उडतो. मूठ आपटल्यावर आवाज कसा आला ते लिहून कळवा, मग एजंटला काय सांगायचं ते बोलू.